पांढरे टायर आणि उत्तरेचा वारा

टायर म्हटलं की समोरचा माणूस पहिला शब्द काढतो तो पंक्चरचा. मी एकतीस वर्षं टायर बसवले, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त टायरांत हवाच नव्हती, मग पंक्चर कुठून होणार? लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्याला हे सांगितलं की तो जिलबी हातात तशीच धरून माझ्याकडे बघतो. मग मला चेव येतो आणि मठ्ठा संपेपर्यंत मी त्याला सोडत नाही. आज तर या अंकाच्या संपादकांनी आपण होऊन लिहायला सांगितलंय, तेव्हा वाचकांचीही सुटका नाही.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या शेठचं वर्कशॉप होतं. मी बेटेगावहून सायकलने यायचो. वर्कशॉपची शान म्हणजे शंभर टनांचा दाब देणारं प्रेस. त्याच्यावर आम्ही फोर्कलिफ्टचे टायर चढवायचो. फोर्कलिफ्ट म्हणजे पुढे दोन लोखंडी सुळे असलेली बुटकी गाडी. ती ओझ्याखाली सुळे घालते, उचलते आणि पार छतापर्यंत नेऊन ठेवते. लोक त्या सुळ्यांकडे बघत राहतात, मी मात्र खाली बघतो. कारण या गाडीला स्प्रिंगा नसतात. खड्डा आला तर तो आधी टायरला बसतो, मग ड्रायव्हरच्या मणक्याला, मध्ये तिसरं कोणी नाही. टायर चुकला तर गाडी चुकली, एवढं साधं आहे.

हवेचा टायर उघड्यावरच्या कामाचा. खडी, माती, पावसाने उखडलेला रस्ता, असल्या ठिकाणी तो गाडीला आणि ड्रायव्हरला सांभाळून घेतो. पण लोखंडाच्या कारखान्यात, जिथे जमिनीवर पात्यासारखे तुकडे पसरलेले असतात, तिथे तो दुपारपर्यंतही टिकत नाही. तिथे भरीव टायर. बाहेरून दिसायला हवेच्या टायरसारखाच, आत मात्र रबरावर रबर. खाली रिमला घट्ट धरणारा कडक थर, मध्ये जरा मऊ, वर झिजायला तयार असलेला. असे टायर आम्ही एका सळ्यांच्या कारखान्याला पहिल्यांदा दिले तेव्हा तिथल्या स्टोअरकीपरने लेखी तक्रार पाठवली, की चारही टायरांना हवा भरायचा व्हॉल्व्ह दिलेला नाही, तरी त्वरित पाठवावा. मी स्वतः गेलो, टायरला खिळा ठोकून दाखवला. त्याने खिळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग विचारलं की तरीपण महिन्यातून एकदा हवा तपासायची ना?

तिसरा प्रकार लोखंडी कड्याचा. कड्यावर रबर पक्कं बसवलेलं असतं, आणि ते कडं प्रेसने चाकावर दाबायचं. बुटका, गुळगुळीत टायर, गोदामाच्या सपाट फरशीवर आणि अरुंद बोळात वळायला राजा. बाहेर काढला की खडीत रुततो. चौथा पिवळट, मेणासारखा दिसणारा प्लास्टिकच्या जातीचा. लहान बॅटरीच्या गाड्यांना लावतात. ओझं अफाट पेलतो, पण फरशी कोरडी हवी. एका बर्फाच्या कारखान्याच्या मालकाने हट्टाने तोच लावून घेतला, कारण त्याच्या मेहुण्याच्या कारखान्यात तोच होता. मी नको नको म्हणत होतो. पहिल्याच दिवशी गाडी लादीसकट अशी घसरली की ड्रायव्हर, गाडी आणि बर्फ तिघेही एकाच भिंतीला जाऊन टेकले. कोणाला लागलं नाही. मालकाने मला बोलावलं आणि सांगितलं की मेहुण्याला यातलं काही कळवू नका.

हे सगळं सांगताना मला अजून उत्साह येतो, लपवत नाही. प्रेसखाली चाक सरळ बसलं आणि टायर साबणाच्या पाण्यावरून सुईंऽऽ करत खाली उतरला की अंगावर काटा यायचा. तिरका बसला तर आवाज वेगळा येतो. मी पाठ करून उभा असलो तरी सांगायचो, थांबवा, वाकडा चाललाय.

आता पाचवा प्रकार. तो सांगण्यासाठीच मी हे लिहायला घेतलं.

टायर काळा असतो तो रबरात मिसळलेल्या काजळीमुळे. ती काजळी रबराला टिकाऊ करते, पण फरशीवर काळे पट्टे उठवते. औषधं, खाण्याचे पदार्थ, कागद, कापड अशा ठिकाणी ते पट्टे चालत नाहीत. म्हणून तिथे काजळी न घातलेला पांढरा टायर लावतात. आमच्या भागात पांढरा टायर मी पहिल्यांदा हातात घेतला तो सत्त्याऐंशीच्या आसपास. काय रूप होतं त्याचं! नव्या फोडलेल्या नारळाच्या खोबऱ्यासारखा. आयुष्यभर माझे हात कोपरापर्यंत काळे, आणि आता हा माल. मी दोनदा हात धुऊन त्याला हात लावला.

ऑर्डर एका औषधांची पावडर बनवणाऱ्या कारखान्याची होती. मॅनेजर प्रधान साहेब, टापटिपीचे भोक्ते. परदेशातले खरेदीदार हिवाळ्यात कारखाना बघायला येणार होते आणि पॅकिंगच्या हॉलमध्ये त्यांना काळा पट्टा दिसता कामा नये, असं साहेबांचं म्हणणं. कारखान्यात बॅटरीवर चालणाऱ्या दोन फोर्कलिफ्ट होत्या. एक पॅकिंगची. दुसरी पांडू मेहेरची. पांडू शिरगावचा, घरचा धंदा मासेमारीचा, पण याला बोट लागायची म्हणून भावांनी होडी ठेवली आणि हा फोर्कलिफ्टवर चढला. त्याचं काम सॉल्व्हंटच्या शेडमध्ये. सॉल्व्हंट म्हणजे औषधं विरघळवायचं पाण्यासारखं द्रव, पण पेट घ्यायला पेट्रोलचा भाऊ. त्याची पिंपं पांडू गोदामातून आणून शेडमध्ये ठेवायचा, आणि मग खाली उतरून, पिंपाला हात लावून ते नीट ओळीत सरकवायचा. शेजारी ऑपरेटर पिंपाचं झाकण उघडून आत पंप सोडायचा.

पांढरे टायर घेऊन मुंबईहून एक रबरातला जाणकार आला होता. जाता जाता त्याने मला बजावलं. काळ्या टायरमधली काजळी चालताना घर्षणाने गाडीत साठणारी वीज जमिनीत सोडते. पांढऱ्यात काजळी नाही, वीज जमिनीत जात नाही, गाडीवरच साठत राहते. तेव्हा पेट घेणाऱ्या वस्तूंजवळ हे टायर लावू नका.

मी ऐकलं. मान डोलावली. आणि बाहेर धो धो श्रावण चालू होता. आमच्या घरी बरणीतलं मीठ पाणी होऊन बसलं होतं, काडेपेटीतल्या दहा काड्या ओढल्या तर एक पेटत होती. मी मनात म्हटलं, हा कोरड्या गावचा माणूस. आपल्या खाऱ्या हवेत वीज साठेलच कशी, ती गाडीवर बसायच्या आत ओली होईल. आणि तेव्हाच प्रधान साहेबांनी विचारलं, मिस्त्री, पांडूच्या गाडीला काय करायचं, तिचे टायरही झिजलेत. पांडू शेजारीच उभा होता. मी छाती फुगवून म्हणालो, दोन्हीला पांढरेच लावू साहेब, जोडी शोभून दिसेल.

जोडी दिसली मात्र शोभून. पांडूने त्या दिवशी गाडी सबंध आवारात एकदा उगाचच फिरवून आणली. पावसाळा गेला, नवरात्र गेलं, दिवाळी गेली. काही झालं नाही. मी त्या जाणकाराला मनातल्या मनात हसलोसुद्धा.

जानेवारीतली सकाळ. मी प्रेसवर होतो. पांडू कामावर जाता जाता वर्कशॉपला थांबला आणि कागदात गुंडाळलेले सुके बोंबील माझ्या हातात दिले. त्याच्या घरून दर हंगामाला यायचे. मी चहा घे म्हटलं तर त्याला घाई होती, आज परदेशी पाहुणे यायचे होते. निघताना तो हसत सांगू लागला, की चार दिवस झाले, गाडी त्याला चावतेय. उतरताना लोखंडाला बोट लागलं की चर्र करतं. काल ऑपरेटरला चहाचा कप दिला तर त्यालाही चावला. आम्ही दोघंही हसलो. मी म्हटलं, आधी तुला बोट लागायची, आता गाडीला तुझं बोट लागतंय. तो गेला.

मी चाक सरळ लावलं, प्रेस सुरू केलं. टायर बसला. चहा आला. चहाबरोबर चाळा म्हणून पुडकं सोडून एक बोंबील मोडला, आणि तो काडीसारखा कटकन तुटला. एरवी आमच्याकडचा बोंबील कितीही सुकवला तरी जरा वाकतो, मग तुटतो. मी दुसरा मोडला. तोही तसाच. कागदावर पांडूच्या बायकोने, जनाने, माझ्या बायकोसाठी पेन्सिलीने निरोप लिहिला होता, की उत्तरेचा वारा सुटलाय, वलांडीच्या बांबूंवर टाकलेले बोंबील दोन दिवसांत वाळले, डब्यात भरून ठेवा.

हवा कोरडी होती. आमची हवा, मीठ वितळवणारी, मी जिच्या भरवशावर होतो ती, चार दिवसांपासून कोरडी होती. आणि पांडूला चार दिवसांपासून गाडी चावत होती.

चहा कुठे ठेवला ते आठवत नाही. सायकल काढली आणि निघालो. दीड मैल असेल. ट्रकच्या मधून, टँकरच्या मधून, समोरून येणाऱ्या शिव्या घेत मी जे पायडल मारले त्याला तोड नव्हती. डोक्यात एकच चित्र, पांडू खाली उतरतोय आणि उघड्या पिंपाकडे हात नेतोय. ठिणगी केवढी लागते? चर्र होण्याएवढी पुरते.

गेटवर रांगोळी, केळीचे खांब, आणि वॉचमन यादव कडक इस्त्रीत. मी सांगितलं, मला शेडमध्ये जायचंय, आत्ताच्या आत्ता. तो मला दहा वर्षं ओळखत होता. पण त्या दिवशी त्याने माझ्या तेलकट शर्टकडे पाहून मान हलवली. "आज बाहर का कोई अंदर नहीं जाएगा, मिस्त्री. साहब का ऑर्डर है." मी म्हटलं, साहेबांना बोलाव. साहेब पाहुण्यांबरोबर. शेडला फोन लाव. शेडमध्ये फोन ठेवायला मनाई, ठिणगी पडते म्हणून. हे तो मला समजावून सांगत होता!

वाद घालण्यात अर्थ नव्हता. बाजूच्या वजनकाट्याच्या फाटकातून पिंपांचा रिकामा ट्रक आत वळत होता. मी सायकल तिथेच टाकली आणि ट्रकच्या पलीकडच्या अंगाने, चाकाला चिकटून, आत धावलो. मागून यादवची शिट्टी वाजत राहिली.

शेडच्या दारात पोचलो तेव्हा वास आला. पिंप उघडं होतं. तोंडाला फडकं बांधलेला ऑपरेटर झाकण काढून पंप आत सोडत होता, आणि सुळ्यांवर दुसरं पिंप घेऊन पांडू त्याच्या शेजारी येऊन थांबत होता. दोन हातांवर. त्याने ब्रेक लावला, सुळे खाली घेतले आणि डावा पाय बाहेर काढला.

"पांडू, हाय तिथं बस. उतरू नको, कशाला हात लावू नको."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. पांडू पाय अधांतरी ठेवून गोठला. ऑपरेटरला मी झाकण लावायला ओरडलो. त्याने माझा चेहरा पाहिला आणि का म्हणून न विचारता आधी झाकण आवळलं, मग पंपासकट मागे सरला. मी भिंतीवरच्या लाल बादल्या काढल्या. पहिलीत वाळू निघाली. दुसरीत पाणी. ते मी पांडूच्या पुढच्या टायरवर ओतलं. तिसरी, चौथी, सगळ्या. टायर भिजले, खालची फरशी भिजली, ओघळ दाराबाहेरच्या मातीपर्यंत गेला. ओल्या टायरवरून, ओल्या जमिनीतून वीज उतरते, एवढंच मला ठाऊक होतं. शंभर आकडे मोजले. मग पांडूला म्हटलं, आता उतर.

तो त्या डबक्यात उतरला. लोखंडाला बोट लावलं. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "नाय चावली."

आणि त्याच क्षणी दारात प्रधान साहेब उभे, मागे चार परदेशी पाहुणे. मी नखशिखांत भिजलेला, वाळू सांडलेली, त्यांची लाडकी गाडी चिखलात. साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. पण माणूस मुरलेला. पाहुण्यांकडे वळून त्यांनी इंग्रजीत सांगितलं की ही आमची सुरक्षेची नेहमीची कवायत आहे. पाहुण्यांनी माना डोलावल्या आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं.

पाहुणे गेल्यावर मी साहेबांना सगळं समजावलं. काजळी, वीज, कोरडी हवा. फक्त एक गोष्ट सांगितली नाही. दोन्हीला पांढरे लावू हे कोण म्हणालं, ते त्यांना आठवत नव्हतं, आणि मी आठवण करून दिली नाही. संध्याकाळच्या आत पांडूच्या गाडीला काळे टायर चढवले. पुढच्या महिन्यात त्यांनी गेटवर माझा सत्कार केला. शाल, गुच्छ, यादवची टाळी. प्रधान साहेब भाषणात म्हणाले की मिस्त्रींच्या सावधपणामुळे दोन जीव वाचले. मी शाल खांद्यावर घेतली. त्या शालीची मला आजही लाज वाटते.

शिरगावात ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. मी तिकडे गेलो की ओळखीचे नसलेले लोक ओट्यावर बसवून घ्यायचे. आणि नारळी पौर्णिमेला पांडूच्या घरी मला बोलावणं असायचं, दर वर्षी, न चुकता. त्यांच्या घरातून दर्याला नारळ वाहतात. त्या वर्षापासून घरच्या नारळाबरोबर आणखी एक नारळ जाऊ लागला. जना त्याला हळदकुंकू लावायची आणि पांडू पाण्यात उतरून तो माझ्या नावाने सोडायचा. मी किनाऱ्यावर उभा राहून बघायचो. सात वर्षं बघितलं. दर वर्षी ठरवून जायचो की आज सांगायचं, आणि नारळीभात खाऊन परत यायचो.

आठव्या वर्षी सांगितलं. काही खास घडलं नव्हतं. त्यांची धाकटी मुलगी नमस्काराला वाकली आणि जना तिला म्हणाली, यांच्यामुळं तुझा बाप हाय. माझ्याने ते सोसवेना. मी पांडूला बाजूला, ओल्या वाळूवर घेऊन गेलो.

"पांडू, तुझ्या गाडीला ते टायर लावायचं मी बोललो होतो."

"ते ठावं हाय ना. मी बाजूलाच तर उभा होतो. केवढा खूश झालेलो."

"पण लावू नयेत असं मला सांगितलेलं होतं. एका माणसाने मला बजावून सांगितलं होतं. मला माहीत असून मी लावले."

हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. तो तिथेच ओल्या वाळूवर बसला. लाटा येत होत्या, मागे लोकांची गडबड चालू होती. मला वाटलं, आता हा उठून जाईल, आणि गेला तर त्याचं बरोबरच आहे. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला इतका घाबरलो नव्हतो.

"एवढी वरसं का नाय बोलले?" त्याने विचारलं.

"लाज वाटली. आणि तुमच्याकडचा मान आवडायला लागला होता."

त्याने उठून जनाच्या ताटातून नारळ उचलून आणला. माझ्या नावाचा, कुंकू लावलेला. मला वाटलं, परत देतोय.

"धरा," तो म्हणाला. "आजवर तुमचा नारळ मी सोडला. आता तुमचा तुमी सोडा. काय बोलायचं ता दर्याला बोला."

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात गेलो आणि नारळ टाकला. लाट आली आणि तो घरंगळत माझ्याच पायाशी परत आला. उचलून पुन्हा टाकला, पुन्हा आला. किनाऱ्यावरची पोरं हसायला लागली. मी मागे वळून पाहिलं तर पांडू पाण्यात उतरत होता.

"जवळ टाकून नाय चालत, मिस्त्री," तो म्हणाला. त्याने माझं मनगट धरलं आणि मला आत नेलं, गुडघ्याच्या पुढे, कमरेपर्यंत, कपड्यांसकट. माझे पाय वाळूवरून सुटत होते, पण त्याची पकड घट्ट होती. लाट ओसरायला लागली तसा तो म्हणाला, आता. मी सगळा जोर लावला. नारळ दूर जाऊन पडला, एकदा वर आला आणि ओढीबरोबर निघून गेला. पांडूने माझं मनगट किनारा येईपर्यंत सोडलं नाही.